संग्रह चाळताना : चित्रनामांचा भाषिक विचार

१

‘पुस्तक वाचले’ आणि ‘पुस्तक चाळले’ या दोन वाक्यांतील भेद केवळ लागलेल्या वेळाचा नाही. चाळणारा निवड करीत असतो. धान्य चाळण्याची मूळ क्रिया या लाक्षणिक प्रयोगातही जागी आहे. आणि चाळणीतून काय खाली गळावे व काय वर राहावे हे जितके धान्यावर, तितकेच चाळणीच्या छिद्रांवर अवलंबून असते. संग्रहालयात जाणाऱ्या सामान्य प्रेक्षकाची क्रिया अशीच असते. शेकडो कलाकृती, अनेक शतके, नाना कलावंत, आणि हाताशी एक दुपार. अशा स्थितीत तो चित्रे पाहतो असे म्हणण्यापेक्षा चित्रे चाळतो असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. यात उणेपणा काही नाही. संग्रह या संस्थेची रचनाच अशा पाहण्यासाठी झालेली आहे. प्रश्न एवढाच की, या प्रेक्षकाच्या हातची चाळणी कोणती?

ती बहुधा चित्राखालची पाटी असते. कलावंत, शीर्षक, साल, माध्यम, देणगीदार अशा चारपाच ओळींच्या त्या मजकुरात क्रियापद सहसा नसते. तरीही तो मजकूर विधान करतो. आणि क्रियापद नसल्यामुळेच ते विधान आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. ‘ही स्त्री राजकन्या आहे’ असे कोणी म्हटले तर आपण ‘कशावरून?’ असे विचारू. चित्राखाली नुसते ‘राजकन्या’ असे लिहिले असेल तर आपण ते मान्य करून पुढच्या चित्राकडे वळतो. प्रस्तुत लेखात या मूक विधानाची चिकित्सा करण्याचा विचार आहे. त्यासाठी मुंबईतील तीन संग्रह आणि त्यांच्याशी संबंधित काही कृती समोर ठेवल्या आहेत.

पहिला संग्रह भायखळ्याच्या राणीच्या बागेतील. १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’ या नावाने लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. दुसरा, जॉर्ज विटेट यांनी रचलेल्या वास्तूतील व १९२२ साली लोकांना खुला झालेला प्रिन्स ऑफ वेल्स संग्रह, म्हणजेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिसरा, त्याच परिसरात, १९११ च्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली सुरू झालेले राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय. तिन्हींमधील अंतर फार नाही. परंतु नाव देण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही तीन भिन्न जगे आहेत.

२

पहिल्या जगात नाव देणारा कलावंत नसतो, पंडित असतो. भायखळ्याच्या संग्रहातील मातीच्या छोट्या आकृती घ्या. मुंबई इलाख्यातील नाना जाती, व्यवसाय आणि पेहराव दाखविण्यासाठी त्या घडविण्यात आल्या. येथे पाटीवर असते ते जातीचे वा व्यवसायाचे नाव. पागोट्याची ठेवण, धोतराचा काचा, हातातील हत्यार यांच्याबद्दल पाटी बोलते. ज्याच्या बोटांनी ती माती वळविली त्याच्याबद्दल ती गप्प असते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विशेषनाम संपून सामान्यनाम उरले आहे, आणि तेही घडविणाऱ्याचे नव्हे, घडविलेल्याचे.

याचे दुसरे टोक म्हणजे पंडिताने दिलेले नाव कलाकृतीला चिकटून बसणे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. नावे मात्र जळाली नाहीत. सोळाव्या लेण्यातील एका मूर्च्छित स्त्रीला ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव त्या काळातील इंग्रजी लेखनातून मिळाले आणि आमच्या शालेय पुस्तकांपर्यंत ते पोचले. वस्तुतः ही स्त्री मरत नाही. बुद्धाचा भाऊ नंद याने प्रव्रज्या घेतल्याची वार्ता ऐकून त्याची पत्नी सुंदरी कोसळली आहे, असा या दृश्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यामुळे ही कथा संस्कृतज्ञांना परिचित आहे. दोन नावांतला फरक लहान नाही. पहिल्या नावाने पाहणाऱ्याला चित्रात शारीरिक मृत्यूचा करुण प्रसंग दिसतो. दुसऱ्याने विरहाचा, आणि त्याहून अधिक म्हणजे, एकाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्याने मोजण्याचा. रेषा त्याच, रंग तेच. बदलली ती पाटी.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील ‘लौर-चंदा’ची पाने या संदर्भात विशेष उद्बोधक आहेत. मुल्ला दाऊद यांनी चौदाव्या शतकात रचलेले हे प्रेमकाव्य अवधीत आहे, पण हस्तलिखित फारसी लिपीत. म्हणजे भाषा एका परंपरेची, लिपी दुसरीची, आणि चित्रातील स्त्रीपुरुषांच्या आकृती या दोहोंच्या संगमावर उभ्या. अशा पानाला आपण ‘लघुचित्र’ म्हणतो. हा शब्दही तपासण्यासारखा आहे. इंग्रजीतील ‘मिनिएचर’ हा शब्द लॅटिनमधील ‘मिनियम’वरून आला, मिनियम म्हणजे शिशापासून केलेला शेंदूर. हस्तलिखितातील अक्षरे शेंदराने रंगविण्याशी त्याचा मूळ संबंध आहे, लहानपणाशी नाही. ध्वनिसाम्यामुळे युरोपीय भाषांतच त्याला लहानपणाचा अर्थ चिकटला, आणि मराठीने ‘लघु’ हे विशेषण वापरून त्या गैरसमजावर शिक्कामोर्तब केले. परिणाम असा की, पोथीचे पान हे पोथीचे पान न राहता ‘लहान आकाराचे चित्र’ झाले. भिंतीवर चौकटीत लावल्यावर पानाची एकच बाजू दिसते. चित्र आणि मजकूर यांचे जे नाते वाचकाच्या हातात पान उलटताना प्रकट होई, ते शब्दाने आणि चौकटीने मिळून तोडले. ‘पोथीचित्र’ हा साधा शब्द येथे अधिक प्रामाणिक ठरला असता.

३

परळच्या शिल्पपटाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९३१ साली रस्त्याच्या कामाच्या वेळी सापडलेला हा अखंड शिळेतील शिल्पपट इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात. मधल्या शिवमूर्तीतून वर आणि बाजूंना आणखी शिवरूपे उमलत जावीत तशी त्याची रचना असून मुख्य आकृती सात आहेत. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात आहे, पूजेत आहे. संग्रहालयात आहे तो त्याचा प्लास्टरमधील ठसा.

आता येथे दोन पाट्यांची कल्पना करावी. संग्रहालयातील पाटी ‘शिव’ म्हणेल, शतक सांगेल, शैली सांगेल. परळमधील माणूस ‘बारादेवीला जाऊन येतो’ म्हणेल. एकीकडे पुल्लिंगी देवता आणि सात आकृती, दुसरीकडे स्त्रीलिंगी नाव आणि बारा ही संख्या. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने दुसरे नाव ‘चूक’ ठरेल. परंतु ते मुळात मूर्तीचे वर्णन करीतच नाही. ते स्थळाचे आणि संबंधाचे नाव आहे. आईला ‘आई’ म्हणणारे मूल तिचे वर्णन करीत नसते. भाषाविज्ञानात वर्णन आणि संबोधन ही दोन भिन्न कार्ये मानली जातात. संग्रहालयाची पाटी वर्णन हेच नावाचे एकमेव कार्य समजते. म्हणून ठशाच्या पाटीवर मूळ शिल्प आजही परळमध्ये पुजले जाते हे वाक्य असणे ही केवळ माहितीची भर नव्हे, तर त्या शिल्पाच्या दुसऱ्या नावाची दखल ठरते.

‘ठसा’ हा शब्दही मुद्दाम वापरला आहे. प्लास्टरच्या अशा वस्तूंना सरसकट ‘प्रतिकृती’ म्हणण्याची रीत आहे. पण साचा, ठसा आणि प्रतिकृती यांत भेद आहे. साचा म्हणजे पोकळ रूप. ठसा म्हणजे मूळ वस्तूच्या स्पर्शातून उतरलेले रूप. प्रतिकृती मात्र मुळाला हात न लावता, केवळ पाहून करता येते. हा भेद शिकण्यासाठी परदेशी कोश उघडण्याची गरज नाही. लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत साचा कोणता, शाडू कसा भरावा, आणि साच्यातून निघाल्यावर हाताने करावयाची डोळ्यांची आखणी कोणती, हे शब्द रोजच्या व्यवहारातले आहेत. इतकेच नव्हे, कोकणात आणि मुंबईत अशा कार्यशाळेला ‘गणेश चित्रशाळा’ म्हणतात. मूर्ती घडविण्याच्या जागेला चित्रशाळा का म्हणावे? शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत ‘चित्र’ म्हणजे सर्व बाजूंनी घडविलेली मूर्ती, ‘अर्धचित्र’ म्हणजे उठावाचे शिल्प, आणि रंगविलेले चित्र तो ‘चित्राभास’, असा विभाग आढळतो. तो ग्रंथार्थ चित्रशाळेच्या नावात उतरून आला की, मूर्ती रंगविण्याच्या कामावरून हे नाव स्वतंत्रपणे पडले, याचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. मूर्ती आणि चित्र यांना एका छपराखाली ठेवणारा शब्द आपल्या बोलण्यात आहे आणि पाटीवर नाही, एवढे नोंदविणे पुरेसे आहे.

४

दुसऱ्या जगात कलावंताचे नाव मोठ्या अक्षरात येते आणि शीर्षकही त्याचेच असते. अडचण अशी की, ते शीर्षक बहुधा त्याच्या भाषेतले नसते. १८८८ साली स्थापन झालेल्या बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांचा व्यवहार इंग्रजीत चाले. जे. जे. कलाशाळेत घडलेल्या चित्रकारांना त्याच भाषेत आपल्या चित्रांची नावे सांगावी लागत. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी १८९५ साली त्या सोसायटीचे पारितोषिक मिळविले, त्या चित्राचे नाव ‘डू यू कम लक्ष्मी?’ असे नोंदलेले आहे.

केवळ शीर्षकापुरते बोलायचे तर, हे वाक्य इंग्रजी शब्दांचे आहे, इंग्रजी नाही. त्या भाषेत बोलावणे करताना साधा वर्तमानकाळ असा योजीत नाहीत. मराठीत मात्र ‘येतेस का, लक्ष्मी?’ या वाक्यात साधा वर्तमानकाळच आमंत्रण देतो. रूप वर्तमानाचे, अर्थ नजीकच्या भविष्याचा, आणि भाव आर्जवाचा. या इंग्रजीच्या मागे मराठी वाक्य उभे आहे, असे भाषेवरून अनुमान करता येते. अनुवादात एक अक्षर मात्र गळाले असावे. तेथे ‘गं’ असता तर बोलणारी आणि ऐकणारी यांच्यातील सलगी, वय, नाते या सर्वांचा अंदाज आला असता. इंग्रजीत त्याला जागा नाही. आता या शीर्षकाचे पाटीसाठी मराठी करताना कोणी ‘लक्ष्मी, तू येतेस काय?’ असे पुस्तकी वाक्य लिहिले, तर मूळ मराठीचे इंग्रजी आणि त्या इंग्रजीचे पुन्हा मराठी, अशा दुहेरी प्रवासात बोलीचा प्राण हरवेल. याच धुरंधरांनी आपल्या कलाशाळेतील आठवणी लिहिताना मराठीच वापरली. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे पुस्तक १९४० सालचे आहे. म्हणजे चित्रकाराला भाषा नव्हती असे नाही. प्रदर्शनाच्या दाराशी ती बाहेर ठेवावी लागत होती.

पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांच्या ‘फीडिंग द पॅरट’ या चित्रनामाने दुसरा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीतील या रचनेला कर्ता लागत नाही. क्रिया स्वयंपूर्ण राहते. मराठीत ‘पोपटाला चारताना’ असे म्हटले की, ‘कोण?’ हा प्रश्न लगेच येतो, कारण ‘-ताना’ हे रूप मुख्य क्रियेची वाट पाहत असते. ‘विणताना स्त्री’, ‘वाचताना मुलगा’ अशी जी अपुरी वाक्ये पाट्यांवर आणि चित्रपुस्तिकांत आढळतात त्यांचे मूळ येथे आहे. ‘पोपटाला चारणारी’ असे मराठी सहज म्हणेल. फरक व्याकरणाचा दिसतो, पण तो लक्ष कोठे जावे याचा आहे. इंग्रजी शीर्षक क्रियेकडे बोट दाखविते, मराठी शीर्षक व्यक्तीकडे. कोणते योग्य हे चित्र पाहून ठरवावे. शब्दकोश पाहून ठरवू नये.

नाव हरवल्याने काय घडते याचे उदाहरण सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रात मिळते. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे हे चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे, आणि चित्रकाराची कन्याच त्यासाठी बसली होती. छापील प्रतींतून ते घरोघर पोचले, आणि पुष्कळ घरांत ते राजा रविवर्मा यांचे म्हणून पोचले. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र त्यानंतर सुमारे चार दशकांनी झाले. तरीही गैरसमज टिकला, कारण दिनदर्शिकेवर पाटी नसते आणि प्रसिद्ध नाव रिकामी जागा आपोआप भरून काढते. शिवाय या चित्रातील दिव्याचा प्रकाश जलरंगात साधला आहे. रविवर्म्यांची कीर्ती तैलरंगावर उभी आहे. ‘माध्यम : जलरंग’ ही पाटीवरची सर्वांत रूक्ष ओळ येथे साक्षीदाराचे काम करते.

५

तिसऱ्या जगात कलावंत नाव देण्याचे नाकारतो. गिरगावातील चाळीत वाढलेले आणि १९४८ साली जे. जे.मधून पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या बहुसंख्य उत्तरकालीन कृती ‘अनटायटल्ड’ म्हणून नोंदलेल्या आहेत; काहींना नुसते ‘पेंटिंग’ आणि क्रमांक. या नकाराचे मराठी कसे करावे? ‘अनामिक’ म्हटले तर कलावंत अनामिक असा भास होतो. ‘अज्ञात’ म्हटले तर नाव होते पण आपल्याला ठाऊक नाही, असा अर्थ निघतो. ‘शीर्षकहीन’मध्ये उणिवेची छटा आहे, हीन हा प्रत्यय मराठीत सहसा दोष दाखवितो. ‘शीर्षक नाही’ हे दोन शब्दांचे साधे वाक्यच सर्वांत निर्दोष ठरते, आणि पाटीत प्रथमच क्रियापद येते. मातीच्या आकृती घडविणाऱ्याचे नाव नोंदले गेले नाही, आणि गायतोंड्यांनी चित्राला नाव दिले नाही; या दोन अभावांना एकच शब्द लावणे हा इतिहासावरील अन्याय होईल. पहिला अभाव लादलेला आहे, दुसरा निवडलेला.

गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणे पसंत करीत नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ ही संज्ञा त्यांना मान्य होती. मराठीत ‘अमूर्त’, ‘अप्रतिरूप’, ‘केवलाकारी’ असे पर्याय उपलब्ध आहेत. ‘अमूर्त’ शब्दात मूर्तीचा निषेध आहे. ज्या शहरात मूर्ती भाद्रपदात घराघरांत येते, तेथे हा निषेध ऐकणाऱ्याला धर्मविचाराकडे, निर्गुणाकडे नेतो. काही प्रेक्षकांना तो मार्ग प्रिय वाटेल. परंतु रंगाचे थर देणे, ते खरवडणे, रुळाने पसरणे ही जी अत्यंत मूर्त कारागिरी त्या पटावर झालेली आहे ती या शब्दामुळे दृष्टीआड होते. ‘अप्रतिरूप’ हा शब्द कानाला जड आहे, पण तो एवढेच सांगतो की हे कशाचे प्रतिरूप नव्हे. पाटीला इतकेच सांगण्याचा अधिकार आहे.

चित्रप्रकारांच्या नावांतही अशी चाळणी आहे. ‘लँडस्केप’ला आपण ‘निसर्गचित्र’ म्हणतो. मग गिरगावची वाडी, दादरचा पूल, गिरणीचे धुराडे यांचे चित्र कोणत्या खणात ठेवावे? सुधीर पटवर्धन यांच्या ‘लोअर परळ’ (२००१) या चित्राला निसर्गचित्र म्हणणे हास्यास्पद होईल. कलाविद्यार्थी ‘लँडस्केप’ हाच शब्द बोलतात. त्यांची भाषा भ्रष्ट म्हणून नव्हे, तर मराठी पर्यायाने शहराला बाहेर ठेवले म्हणून. ‘दृश्यचित्र’ हा शब्द शेत आणि चाळ दोहोंना सामावून घेईल. ‘लोअर परळ’ हे शीर्षक स्वतः स्थळनाम असल्याने त्याचे भाषांतर करावे लागत नाही. मात्र त्याला सालाची नितांत गरज आहे. १९८२ च्या गिरणी संपापूर्वीचे लोअर परळ आणि त्यानंतरचे लोअर परळ हे एकाच नावाचे दोन प्रदेश आहेत.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. संग्रहालयात देशभरातील व परदेशातील प्रेक्षक येतात. पाटीला जागा थोडी. तीत व्याकरणाचे वाद आणि अर्थाच्या छटा कोठे बसवाव्यात? पाटी जितकी मोठी तितके चित्र लहान, हेही खरे. ज्यांना डोळ्यांनी पाहावयाचे आहे त्यांना शब्दांनी अडवू नये.

हा आक्षेप मान्य करूनही मुद्दा शिल्लक राहतो. लांब पाटीची मागणी येथे केलेली नाही. खऱ्या पाटीची केली आहे. नाव कलावंताने दिले की अभ्यासकाने, हे एका चिन्हाने दाखविता येते. मूळ शीर्षक ज्या भाषेत असेल ते प्रथम त्या भाषेत, देवनागरीत, द्यावे. आणि मराठी ओळ इंग्रजी ओळीवरून न करता चित्रावरून करावी. ‘अज्ञात’, ‘नोंद नाही’ आणि ‘शीर्षक नाही’ हे तीन शब्दप्रयोग परस्परांच्या जागी वापरू नयेत. ठशाला ठसा म्हणावे.

अशा शब्दांची मराठीत उणीव नाही. द. ग. गोडसे यांनी ‘पोत’ (१९६३) या ग्रंथात विणकराचा शब्द कलाविचारात आणून तो किती दूरवर चालतो हे दाखविले. प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ने (१९९०) चित्रकाराला स्वतःच्या निर्मितिप्रक्रियेविषयी मराठीत सूक्ष्म बोलता येते हे सिद्ध केले. ही भाषा पुस्तकात राहिली आणि पाटीपर्यंत पोचली नाही. जो प्रेक्षक पुस्तक उघडणार नाही, पण मुलाचा हात धरून म्युझियम पाहण्यास येईल, त्याच्या वाट्याला परकी शीर्षके आणि त्यांची अवघडलेली भाषांतरे आली. त्यातून त्याची अशी समजूत होते की, चित्र ही आपल्या भाषेत बोलण्याची गोष्टच नाही. ही हानी कोणत्याही सूचीत नोंदली जात नाही.

भाषा विभागांना येथे एक काम आहे. मुंबईतील या तीन संग्रहांपैकी एकेका दालनातील सर्व पाट्या उतरवून घ्याव्यात. प्रत्येक शीर्षकाचा कर्ता, मूळ भाषा आणि व्याकरणिक रूप नोंदवावे. आणि जेथे मराठी ओळ आहे तेथे ती चित्रावरून झाली की इंग्रजीवरून, याचा निर्णय कारणांसह द्यावा. त्याबरोबर लालबाग-परळच्या चित्रशाळांतील आणि जे. जे.च्या वर्गांतील प्रचलित शब्दांची यादी करावी. पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेसा असा हा विषय आहे, आणि त्याची सामग्री विद्यार्थ्यांना लोकलने गाठता येईल इतक्या अंतरावर आहे.